वाचकांचे प्रश्न : निप्पूरचा वेढा

गेल्या अंकात असिरियन साम्राज्याच्या अस्तावर लेख प्रसिद्ध झाला होता. इ. स. पू. सातव्या शतकाच्या अखेरीस हे साम्राज्य कोसळत असताना आजच्या दक्षिण इराकमधील निप्पूर या पवित्र नगरीला वेढा पडला आणि आत अडकलेल्या कुटुंबांनी आपली मुले विकली, एवढाच उल्लेख त्या लेखात होता. त्यावर नाशिक आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न (पंचवटीतील एक वाचक भगिनी) : आमच्या कित्येक पिढ्या रामकुंडाच्या परिसरात गेल्या. क्षेत्राच्या गावाला शत्रूदेखील हात लावताना दहा वेळा विचार करतो, असे आम्ही घरात ऐकत आलो. निप्पूर हे जर साऱ्या मेसोपोटेमियाचे देवस्थान होते, तर त्याला वेढा घालण्यास कोणी धजावले कसे? आणि तेथील नागरिक परक्या असिरियनांच्या बाजूने का उभे राहिले?

उत्तर : निप्पूरचे माहात्म्य आपण समजता तेवढेच मोठे होते. हे नगर कधीच कोणत्याही राजघराण्याची राजधानी नव्हते. परंतु तेथील एकुर या मंदिरात एनलिल या देवाचा वास आहे आणि पृथ्वीवरील राज्याधिकार तोच देतो, अशी श्रद्धा असल्यामुळे इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकापासून जो जो राजा बलवान झाला, त्याने निप्पूरची मान्यता मिळवण्याची आणि एकुरच्या जीर्णोद्धारात आपल्या नावाच्या विटा बसवण्याची धडपड केली. पुढे बॅबिलॉनचा मार्दुक देव एनलिलच्या जागी सर्वश्रेष्ठ मानला जाऊ लागला, तरी निप्पूरची प्रतिष्ठा टिकून राहिली. निप्पूर, सिप्पार आणि बॅबिलॉन या तीन नगरांच्या नागरिकांना खास संरक्षण होते. राजाने त्यांच्यावर वेठबिगार लादली, त्यांना अन्यायाने दंड केला किंवा तुरुंगात टाकले, तर देव त्या राजाचा देश शत्रूच्या हवाली करतील, असा स्पष्ट इशारा देणारा राजनीतीवरील एक मजकूर उपलब्ध आहे. त्याची एक प्रत निनेव्हे या असिरियन राजधानीच्या राजग्रंथालयात सापडली आणि दुसरी खुद्द निप्पूरमध्ये मिळाली.

हे संरक्षण मात्र राजा आणि नगर यांच्यातील नात्याचे होते, हे ध्यानात घ्यावे लागते. राजा कोण, हाच प्रश्न तलवारीने सोडवला जात असेल, तर त्या संरक्षणाची जबाबदारी घेणारा कोणी उरत नाही. अशुरबनिपाल हा शेवटचा समर्थ असिरियन सम्राट वारल्यानंतर गादीसाठी भांडणे सुरू झाली, आणि त्याच धामधुमीत दक्षिणेत नबोपोलास्सर नावाचा पुढारी उदयास आला. त्याने पुढे आपल्या शिलालेखांत स्वतःला 'कोणाचाही पुत्र नसलेला', म्हणजे घराण्याचा वारसा नसलेला, असे म्हणवून घेतले आहे. इ. स. पू. ६२६ च्या नोव्हेंबरमध्ये तो बॅबिलॉनच्या सिंहासनावर बसला. वेढा घालणारा हा मनुष्य परधर्मी नव्हता. निप्पूरकर ज्या देवांना भजत, त्याच देवांना तोही भजत होता. त्याचे वैर एनलिलशी नव्हते, तर निप्पूरच्या तटाआड बसलेल्या असिरियन शिबंदीशी होते, आणि ती शिबंदी तेथे असेपर्यंत त्याच्या राज्याच्या ऐन मध्यभागी शत्रूचे ठाणे कायम राहणार होते.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. इ. स. पू. ६५२ मध्ये अशुरबनिपालाचा भाऊ आणि बॅबिलॉनचा राजा शमाश-शुम-उकिन याने बंड केले, तेव्हाच निप्पूर हे असिरियन फौजांचे दक्षिणेतील महत्त्वाचे ठाणे बनले होते. बंड मोडल्यावर बॅबिलॉनमध्ये कंदलानू नावाचा राजा बसवण्यात आला, तरी निप्पूरचे दस्तऐवज अशुरबनिपालाच्याच राज्यवर्षांनी कालनिर्देश करीत राहिले. त्याच्या नावाचा सर्वांत उशिराचा म्हणून ओळखला जाणारा दस्तऐवजदेखील निप्पूरचाच असून तो इ. स. पू. ६३१ चा आहे. एकुरची डागडुजी असिरियन सम्राटांनी केली होती, नगराच्या भोवती खाल्डियन आणि अरामी टोळ्यांचा उपद्रव होता, आणि बॅबिलॉनचे वर्चस्व वाढणे म्हणजे निप्पूरचा मान कमी होणे हेही उघड होते. म्हणूनच नबोपोलास्सरच्या उठावात असिरियन सैन्याने दक्षिणेतील उरुक नगरापर्यंत त्याचा पाठलाग केला, तेव्हा निप्पूरचे लोकही त्या सैन्यासोबत होते, अशी नोंद बॅबिलोनियन बखरीत आढळते. सक्तीने वेठीस धरलेले नगर असे निप्पूरचे चित्र रंगवणे मला पटत नाही. त्यांनी बाजू निवडली होती, आणि ती निवड त्या काळच्या हिशेबाने अविचाराची नव्हती. शंभर वर्षांहून अधिक काळ ज्या सत्तेने प्रत्येक बंड चिरडले होते, ती सत्ता आपल्या हयातीत नाहीशी होईल, असे मानण्यास त्यांना कारण नव्हते.

प्रश्न (देवळाली येथील, तोफखान्यातून निवृत्त झालेले वाचक) : आमच्या जवळचा रामशेज किल्ला मोगलांच्या प्रचंड फौजेपुढे पाच वर्षांहून अधिक काळ झुंजला. निप्पूरला तर असिरियासारख्या लष्करी साम्राज्याचा पाठिंबा होता. मग ते नगर उपासमारीपर्यंत का पोहोचले? आणि हल्ला करणाऱ्यांनी तट फोडून नगर सरळ ताब्यात का घेतले नाही?

उत्तर : रामशेजची आठवण योग्य आहे, कारण तेथे जे होते तेच निप्पूरला नव्हते. किल्ल्यावर लढणारी माणसे असतात, त्यांच्या बेताने दाणागोटा भरलेला असतो, शिवाय इ. स. १६८२ पासूनच्या त्या झुंजीत संभाजी महाराजांच्या फौजा बाहेरून मोगलांवर धडकत राहिल्या. निप्पूर हे मंदिरांचे, बाजाराचे आणि हजारो कुटुंबांचे नगर होते. त्यात म्हातारेकोतारे होते, तान्ही मुले होती, आणि त्यांचे धान्य तटाबाहेरच्या कालव्यांवरील शेतांतून येत होते. शेते शत्रूच्या हाती गेली की कोठार किती दिवस पुरणार, एवढाच प्रश्न उरतो. मदत यायची ती निनेव्हेहून, शेकडो किलोमीटर दक्षिणेला, शत्रूच्या मुलखातून. आणि सिन-शार-इश्कुन या असिरियन राजाला तेव्हा स्वतःची गादी सांभाळणेच कठीण झाले होते.

तट फोडण्याविषयी आपण एका तोफखान्याच्या माणसाच्या नजरेने विचारले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. भिंत पाडण्याची विद्या त्या काळी असिरियनांइतकी कोणालाच अवगत नव्हती. चाकांवरच्या गाड्यांत बसवलेले धडकी ओंडके, तटाखालून खणलेले सुरुंग आणि दगडमातीचे उतरंडीसारखे चढाव ही त्यांची साधने होत, इ. स. पू. ७०१ मध्ये त्यांनी यहुदामधील लाखीश नगरापुढे रचलेला चढाव आजही जागेवर दिसतो. नबोपोलास्सरचे सैन्य हे उठावातून उभे राहिलेले होते. त्याची मर्यादा पुढे उघडही झाली : इ. स. पू. ६१५ मध्ये त्याने असिरियाच्या अशुर या धर्मनगरीवर हल्ला केला, तो फसला, आणि माघार घेऊन त्याला टिग्रिसकाठच्या तक्रित येथे आश्रय घ्यावा लागला. पुढच्या वर्षी अशुर पडले ते आजच्या पश्चिम इराणमधील मीड लोकांच्या हातून, त्यांचा राजा सायक्सारीस याच्या नेतृत्वाखाली. नबोपोलास्सर तेथे पोहोचला तेव्हा लढाई संपली होती. या दोघांचा तह झाल्यावरच इ. स. पू. ६१२ मध्ये निनेव्हे तीन महिन्यांत पडले.

ज्याला तट फोडता येत नाही, त्याला वेशी बंद पाडणे मात्र जमते. जाडजूड कच्च्या विटांच्या भिंतीवर माणसे बळी देण्यापेक्षा रस्ते आणि कालवे रोखून धरणे स्वस्त पडते, आणि त्यासाठी लागतो तो वेळ. निप्पूरचा कॅसाइट राजवटीच्या काळातील, म्हणजे या वेढ्याच्या कित्येक शतके आधीचा, एक नकाशा मातीच्या पाटीवर कोरलेला सापडला आहे. त्यात तट, नगराच्या मधून जाणारा कालवा, एकुर मंदिर आणि एकेका वेशीचे नाव दिलेले आहे. उरुककडे तोंड केलेली उरुक वेस, उरच्या दिशेची वेस, नेर्गाल देवाच्या नावाची वेस अशी ती नावे वाचताना लक्षात येते की प्रत्येक वेस म्हणजे धान्य आणणारा एकेक रस्ता होता. वेढ्याच्या काळातील खरेदीखतांत (त्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे) 'वेस बंद आहे' असा शेरा येतो, तो या सगळ्या रस्त्यांविषयी आहे.

प्रश्न (नाशिक रोड येथील, नोटांच्या प्रेसमध्ये काम केलेले वाचक) : लेखात 'शेकेल' असा शब्द होता. हे नाणे होते काय? वेढ्यात महागाई झाली म्हणजे नेमके काय झाले?

उत्तर : शेकेल हे नाणे नव्हते, वजन होते, सुमारे सव्वाआठ ग्रॅम चांदी. साठ शेकेलांचा एक मिना होई. चांदी तुकड्यांच्या रूपात तराजूत तोलून दिली-घेतली जाई. वजनाच्या चांदीतून पैसा कसा घडतो, हे पाहण्याची इच्छा असेल, तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी येथील नाणे संग्रहालयात आपल्याकडील आहत नाणी अवश्य पाहावीत.

त्या काळच्या बॅबिलोनियात एका शेकेलला एक कुर्रू, म्हणजे साधारण १८० लिटर जव, हा आदर्श भाव मानला जाई. कष्टकरी पुरुषाला दिवसाला सुमारे दोन लिटर जव देण्याची जुनी रीत लक्षात घेतली, तर एक शेकेल म्हणजे एका माणसाची तीन महिन्यांची भाकरी. वेढ्याच्या दस्तऐवजांत हाच भाव एका शेकेलला मोजक्या मापांवर आलेला दिसतो, आणि तो भाव लेखनिकाने करारातच नोंदवला आहे. सरकारी दप्तरात एखादा आकडा यावा तसा तो आकडा येत नाही. पुढे दिलेला व्यवहार का झाला याचे कारण म्हणून तो येतो.

प्रश्न (गंगापूर रोड येथील, शाळेत इतिहास शिकवणाऱ्या वाचक शिक्षिका) : आई-वडिलांनी खरोखरच मुले विकली, की ही विजेत्यांनी रचलेली कथा आहे? आणि विकत घेणारा माणूस मुलांचा तारणहार म्हणावा की संकटाचा फायदा उठवणारा?

उत्तर : आपली पहिली शंका अगदी रास्त आहे, कारण वेढ्यांच्या वर्णनांत अतिशयोक्ती फार असते. इ. स. पू. ६५० ते ६४८ या काळात अशुरबनिपालाने बॅबिलॉनला वेढा घातला होता. भुकेने लोकांनी आपल्या मुलांचे मांस खाल्ले, असे त्याचे शिलालेख सांगतात. परंतु तह मोडणाऱ्याला ही शिक्षा होवो, असा शाप असिरियन तहनाम्यांत आधीपासून लिहिला जात असे. तेव्हा शाप फळला, असे दाखवण्यासाठीच तो मजकूर घातला असण्याचा संभव मोठा आहे. 'आईने लेकीला दार उघडले नाही' ही ओळसुद्धा दुष्काळाच्या वर्णनात अत्राहासिसच्या प्राचीन काव्यापासून चालत आलेली आहे.

निप्पूरची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथील पुरावा कोणत्याही राजाने लिहवून घेतलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी निप्पूरचे उत्खनन पुन्हा सुरू केले, आणि १९४९-५० च्या हंगामात कीलाकार लिपीतील काही मृत्पट्टिका त्यांच्या हाती आल्या. ए. लिओ ओपनहाइम यांनी त्या १९५५ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्या खाजगी खरेदीखते आहेत. त्यांवर सिन-शार-इश्कुनचे राज्यवर्ष आहे, साक्षीदारांची नावे आहेत, लेखनिकाचे नाव आहे. म्हणजे तटाबाहेर नबोपोलास्सर स्वतःला राजा म्हणवीत असताना आतले लोक असिरियन राजाच्याच नावाने दिवस मोजत होते. ही खते पुढे कोणी वाचावीत, हळहळावे, असा त्यांचा हेतूच नाही, आणि म्हणून मी त्यांना वेढ्याचा सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार मानतो.

त्यांची रचना अशी आहे. नगराला वेढा पडला आहे, वेस बंद आहे, धान्याचा भाव अमुक झाला आहे आणि लोक आपली मुले विकत आहेत, हे आधी सांगितले जाते. मग आई किंवा बाप खरेदीदारापुढे येऊन स्वतःच्या तोंडाने विनंती करतो. तिचा आशय असा, की माझे लहान लेकरू तू घे, त्याला खाऊ घालून जगव, ते तुझे दास होईल, आणि मलाही जगता यावे म्हणून एवढे शेकेल दे. खरेदीदाराने विनंती ऐकली, चांदी तोलून दिली, आणि लेकरू त्याचे झाले. हा खरेदीदार कित्येक खतांत एकच आहे. निनुर्ता-उबल्लित हे त्याचे नाव.

आता आपला दुसरा प्रश्न. या मजकुरात 'जगव' हा शब्द कायद्याचा आहे, केवळ काकुळतीचा नाही. दुष्काळात ज्याने दुसऱ्याला अन्न देऊन जगवले, त्याचा त्या माणसावर हक्क पोहोचतो, ही कल्पना त्या प्रदेशात फार जुनी होती. युफ्रेटिसच्या वरच्या भागात, आजच्या सीरियातील एमार या नगरात, इ. स. पू. तेराव्या शतकाच्या आसपासचे असेच दस्तऐवज मिळाले आहेत. तेथे एका दांपत्याने भुकेच्या वर्षी आपली मुले नगरातील एका दैवज्ञाला विकली. त्या खताबरोबर ओल्या मातीवर उमटवलेले मुलांच्या पावलांचे ठसे सापडले. प्रत्येक ठशावर ते पाऊल कोणाचे, हे लिहिलेले आहे आणि साक्षीदारांच्या मुद्रा उमटवलेल्या आहेत. मुलाला सही करता येत नाही, म्हणून त्याचे पाऊल घेतले.

या पार्श्वभूमीवर निनुर्ता-उबल्लितला केवळ राक्षस ठरवणे सोपे आहे, पण पुराव्याला धरून होणार नाही. ज्या घरात दाणा नाही, तेथे राहून मूल मेले असते. त्याच्या घरात ते जगले असण्याची शक्यता होती, आणि आईच्या हाती आलेल्या चांदीने तिचेही काही दिवस निभावले असते. तरीही मी त्याला तारणहार म्हणणार नाही. जगवायचेच असते, तर धान्य उसने देता आले असते, किंवा वेढा उठल्यावर मूल परत करण्याची अट घालता आली असती. ज्याच्याकडे वेढ्याच्या ऐन भरातही एकामागून एक मुले घेण्याइतकी चांदी आणि त्यांना पोसण्याइतके धान्य होते, तो साक्षीदार बसवून खत करून घेतो, याचा अर्थ मला एकच दिसतो. वेस उघडल्यावर आई-बाप मूल मागायला येतील, हे तो जाणून होता, आणि त्या दिवसासाठी त्याने कागद तयार ठेवला होता. खताच्या आरंभी वेढ्याचे वर्णन इतक्या काळजीने का घातले, याचेही उत्तर तेथेच मिळते. संकट किती मोठे होते, हे लिहून ठेवले की सौदा जुलमाने झाला असे नंतर म्हणता येत नाही, उलट जीव वाचवल्याचा दावा पक्का होतो.

वर्गात हा विषय शिकवताना आपण एक गोष्ट अवश्य सांगावी. त्या नगरात अन्न संपत आले होते, राजा दूर होता आणि देवाच्या मंदिराभोवतीचे तट कोणाला भाकरी देऊ शकत नव्हते. परंतु लेखनिक, साक्षीदार, तराजू आणि कालगणना यांपैकी काहीही थांबले नव्हते. साम्राज्य कोसळले तरी कायद्याचा कारभार चालूच राहिला, आणि तो ज्याच्याकडे चांदी होती त्याच्या बाजूने चालू राहिला. असिरियाच्या अस्ताची वर्णने राजांच्या आणि लढायांच्या नावांनी भरलेली असतात. विद्यार्थ्यांना या खतांतील एका आईची विनंती वाचून दाखवली, तर साम्राज्य कोसळणे म्हणजे एका घरात काय घडणे, हे त्यांना समजेल.

प्रश्न (इंदिरानगर येथील महाविद्यालयीन वाचक) : वेढ्यानंतर निप्पूरचे काय झाले? ते नगर आता पाहता येते का?

उत्तर : निप्पूर नबोपोलास्सरच्या राज्यात गेले, परंतु उजाड झाले नाही. निनेव्हे आणि अशुर यांचे जे झाले, ते त्याच्या वाट्याला आले नाही. इराणी सम्राटांच्या अमदानीत, इ. स. पू. पाचव्या शतकात, तेथे मुराशू घराण्याची पेढी जमिनी खंडाने घेण्याचा आणि कर्जे देण्याचा मोठा व्यवहार करीत होती. तिचे सातशेंहून अधिक दस्तऐवज १८९३ मध्ये एका खोलीत एकत्र सापडले. पार्थियन काळात एकुरच्या जागेवर किल्ला बांधला गेला, आणि इस्लामी राजवटीच्या आरंभकाळापर्यंत नगरात वस्ती होती. पुढे पाण्याचा प्रवाह दूर गेला आणि नगर ओस पडले.

आज नुफ्फार या नावाने ओळखले जाणारे त्याचे टेकाड बगदादच्या आग्नेयेला सुमारे १६० किलोमीटरवर, अफक या गावाजवळ आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १८८९ ते १९०० या काळात तेथे पहिले मोठे उत्खनन केले आणि १९४८ पासून शिकागो विद्यापीठाने ते पुढे नेले. नगराचा नकाशा असलेली ती पाटी जर्मनीतील येना विद्यापीठाच्या संग्रहात आहे. युद्धोत्तर उत्खननांत सापडलेल्या वस्तूंची बगदादचे इराक संग्रहालय आणि शिकागो यांच्यात वाटणी होत असे, त्यामुळे निप्पूरच्या मृत्पट्टिकांचा अभ्यास करणाऱ्याला या दोन्ही ठिकाणच्या संग्रहांकडे वळावे लागते. आपण इतिहासाचे विद्यार्थी असाल, तर वेढ्याच्या खतांसोबत मुराशू पेढीचे दस्तऐवजही वाचावेत. त्याच नगरातील कर्ज, खंड आणि साक्षीदारांची भाषा शांततेच्या काळात कशी होती, हे त्यांवरून ताडून पाहता येईल.